जुना वाडा घेण्यापूर्वीं

नाशिकांतील जुन्या वाड्याचे सागवानी खांब व मधला चौक पाहिला कीं मन भुलतें. अशा वेळीं सुज्ञ गृहस्थानें दुरुस्तीचा आंकडा खरेदीखतापूर्वींच काढावा, असें आम्हांस वाटतें.

पाहणी पावसाळ्यांत करावी. उन्हाळ्यांत गळती दिसत नाहीं. तुळयांचीं टोकें जेथें भिंतींत शिरतात, तेथेंच ओल व वाळवी लपलेली असते. हातोडीनें ठोकून पाहावें. पोकळ आवाज आल्यास तुळई बदलण्याचा खर्च धरावा. भिंतीस पोट आलें आहे कीं काय, हें ओळंब्यानें ठरवावें. वाडा गोदाकांठचा असल्यास १९६९, २००८, २०१६ व २०१९ सालच्या पुरांचें पाणी जोत्यावर किती चढलें, हें शेजाऱ्यांस विचारावें. दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजणाऱ्या नाशिककरांस तें बहुधा स्मरतें.

सुतार व गवंडी यांचे अंदाज निरनिराळे घ्यावे. जुनी भिंत उघडली कीं काम वाढतेंच. म्हणून बेरजेवर निदान पांचवा हिस्सा राखून ठेवावा.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, साधारण काळजीनें न दिसणारा पण स्वतःस ठाऊक असलेला मोठा दोष विकणाऱ्यानें सांगितलाच पाहिजे. उघड दिसणारा दोष मात्र घेणाऱ्याच्याच पदरीं पडतो. म्हणून प्रश्न लेखी विचारावे आणि दुरुस्तीचा आंकडा किंमतींतून वजा करूनच इसारा द्यावा. घर पाहावें बांधून, असें म्हणतात. जुनें घर घेणाऱ्यानें तें आधीं ठोकून पाहावें.