पक्षाघात आणि स्पर्शज्ञान

पक्षाघात म्हटला म्हणजे लुळा हात, वाकडे तोंड आणि अडखळणारी वाचा एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हालचाल शाबूत राहून केवळ स्पर्शज्ञान लोपले, तर तो हात कामाचा राहतो काय?

सोलापुरात हजारो स्त्रियांची उपजीविका विड्या वळण्यावर चालते. तेंदूच्या पानात तंबाखू भरणे, पान वळणे, टोक मुडपणे, दोरा बांधणे या क्रिया झपाट्याने होतात त्या केवळ स्नायूंच्या बळावर नव्हे. पान किती आवळले गेले, याची वार्ता बोटे क्षणोक्षणी मेंदूला पोचवीत असतात. ती थांबली, म्हणजे बळ असूनही पकड कधी सैल, तर कधी फाजील घट्ट होते.

ही वार्ता मज्जारज्जूतून चढत लंबमज्जेत विरुद्ध बाजूस जाते आणि थॅलॅमसमार्गे मेंदूच्या बाह्यपटलावर पोचते. पेनफील्ड व बोल्ड्रे यांनी 1937 साली दाखविल्याप्रमाणे तेथे बोटे व ओठ यांच्या वाट्याला धडापेक्षा पुष्कळच अधिक जागा आलेली असते. बाह्यपटलाच्या या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यास टाचणीची टोच कळते. परंतु डोळे मिटून मुठीत धरलेले नाणे ओळखू येत नाही. थॅलॅमसला इजा झाल्यास अर्धे अंग बधिर होऊ शकते आणि काही रुग्णांना पुढे वस्त्राचा स्पर्शही वेदनामय होतो. देजरीन व रूसी यांनी 1906 साली या विकाराचे वर्णन केले. वेदना व उष्णता यांचे तंतू मात्र मज्जारज्जूतच बाजू बदलून निराळ्या वाटेने वर जातात. म्हणून लंबमज्जेच्या बाहेरील भागात आघात झाला असता विरुद्ध बाजूच्या हाताला तव्याचा स्पर्श कळतो, पण चटका कळत नाही!

यावरून रुग्णाच्या हाताचे केवळ बळ तपासणे पुरेसे नाही, हे उघड आहे. डोळे मिटवून किल्ली ओळखावयास लावणे, बोट वर आहे की खाली हे विचारणे, दोन्ही बाजूंची तुलना करणे, यांस फारशी साधने लागत नाहीत. निरनिराळे पोत व आकार पुनःपुन्हा चाचपण्याच्या अभ्यासाने काही रुग्णांत सुधारणा होते. तोवर पाण्याची ऊन निरोगी हाताने पाहणे श्रेयस्कर. हात हलू लागला एवढ्यावरून विडी कामगार स्त्रीस बरी झाल्याचा निर्वाळा दिला, तर कामावर बसताच पान तिच्या बोटांतून निसटेल आणि दोष मात्र तिच्या आळसावर येईल.