‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे!

घरबसल्या मोबाईलवरून जुनी रेकॉर्ड मागवताय? मग आधी दर्जाची भाषा समजून घ्या, मैत्रिणींनो. या बाजारात ‘मिंट’ म्हणजे अगदी कोरी, ‘निअर मिंट’ जवळजवळ कोरी. ‘व्हेरी गुड’ थोडीफार खरखरतेच, आणि ‘गुड’ तर चांगलीच झिजलेली असते! त्यातून हा शेरा देतो विकणाराच, तोही पुष्कळदा नुसती नजर टाकून. बारीक चरे तिरप्या उजेडातच दिसतात; झीज तर वाजवल्याशिवाय कळत नाही. म्हणून पैसे धाडण्याआधी विचारा: वाजवून पाहिलीत का? सुई कुठे अडकते का? दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. खराब निघाली तर परत घेणार का, हेही लिहून घ्या. सासूबाईंना नाट्यपदं ऐकवायचीत ना? मग नुसतं देखणं कव्हर काय कामाचं?