लेखणी इंग्रजी, जीभ पोलिश

जोसेफ कॉनराड १८७८ साली, विशीत, ब्रिटिश जहाजावर चढला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेमच येत होतं. १८९५मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, तीही इंग्रजीतच. पुढे तो त्या भाषेतला मातब्बर लेखक ठरला, पण बोलण्यातला पोलिश हेल अखेरपर्यंत सुटला नाही. शब्द आणि व्याकरण मोठेपणीही पक्कं होतं. उच्चारांचं वळण मात्र लहानपणीच पडतं. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर पंधराव्या वर्षी जर्मनीतून अमेरिकेत आले. त्यांचा जर्मन हेल जन्मभर टिकला; वर्षाने धाकट्या भावाचा मात्र पुसला गेला. म्हणजे वय हेच सगळं नव्हे.

खरी अडचण जिभेइतकीच कानाची. तान्हं मूल वर्षाचं होईतो घरातल्या भाषेचे ध्वनी धरतं आणि बाकीच्यांतले बारकावे त्याच्या कानाआड होऊ लागतात. म्हणून जपानी माणसाला ‘राइट’ आणि ‘लाइट’ वेगळे ऐकू येणं जड जातं. आपल्याला हसायचं कारण नाही. द्राक्षवेल (vine) आणि द्राक्षाची दारू (wine) हे दोन इंग्रजी शब्द आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी एकाच ‘व’ने सुरू होतात.

तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘पिन’ म्हणा. इंग्रजाचा कपटा हलतो, आपला बहुधा ढिम्म. त्यांच्या शब्दारंभीच्या ‘प’मध्ये ‘ह’ची फुंकर असते. ती फुंकर आपल्या ‘खण’मध्ये आहेच, फक्त ‘पिन’मध्ये घालायचं कुणी सांगितलेलं नसतं.