छोटी हेलिकॉप्टरं नेमकी पडतात कशानं?

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर सरळ खाली कोसळतं, अशी जवळजवळ सगळ्यांची समजूत असते. ती चुकीची आहे, आणि त्याचा सर्वांत जबरदस्त पुरावा १९७२ सालचा आहे. २१ जूनला फ्रेंच वैमानिक ज्याँ बुले यांनी ‘लामा’ हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंच नेलं. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर! तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत इंजिन विझलं आणि काही केल्या पुन्हा सुरू होईना. बुलेंनी बंद इंजिनाचं ते हेलिकॉप्टर सुखरूप जमिनीवर आणलं. उंचीच्या विक्रमाला निघालेला माणूस इंजिनाविना सर्वाधिक उंचीवरून उतरण्याचा विक्रमही घेऊन परतला. हे ‘लामा’ घडलं होतं भारतीय सैन्यदलांच्या गरजेतून. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं आपल्याकडे बांधलेलं त्याचं रूप म्हणजे सियाचेनला रसद पोचवणारं ‘चीता’.

इंजिनाविना उतरायचं कसं?

इंजिन थांबताच वैमानिक डाव्या हाताचा दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, झटकन खाली दाबतो. पात्यांचा कोन सपाट होतो. हेलिकॉप्टर खाली येत असताना खालून वर घुसणारा वारा ती पाती जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी फिरवत ठेवतो. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मारायचा आणि फिरत्या पात्यांत साठलेली शक्ती शेवटच्या क्षणी वापरून टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि ते प्रत्येक हेलिकॉप्टर वैमानिकाला शिकावंच लागतं. रॉबिन्सन कंपनीचं दोन माणसांचं आर-२२ दीड हजार फुटांवरून असं उतरताना सुमारे एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर पुढे जाऊ शकतं.

एक अट मात्र असते. उंची तरी हवी किंवा वेग तरी. दोन्ही नसेल तर पात्यांना गती द्यायला वेळच उरत नाही. कुठल्या उंचीला किती वेग धोक्याचा, याचा आलेख प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तकात छापलेला असतो. वैमानिक त्याला ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात.

दिवाणखान्यातून निघालेलं हेलिकॉप्टर

फ्रँक रॉबिन्सन यांनी मोठ्या कंपन्यांतली नोकरी सोडून १९७३मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरातच कंपनी काढली. त्यांचं स्वप्न होतं सामान्य माणसाला परवडेल, कामावर नेता येईल अशा हेलिकॉप्टरचं. १९७५मध्ये आर-२२ उडालं आणि १९७९मध्ये त्याला मान्यता मिळाली. भरल्या वजनाला जेमतेम ६२२ किलो! झालं असं, की ते स्वस्त असल्यामुळे जगभरच्या उड्डाणशाळांनीच उचललं. हुशार खाजगी मालकासाठी आखलेलं यंत्र नवशिक्यांच्या हातात गेलं. १९९२मध्ये मान्यता मिळालेलं चार आसनी आर-४४ तर त्याहून खपलं. कंपनीनं आजवर १३ हजारांहून जास्त हेलिकॉप्टरं बांधली आहेत.

आर-२२ची पाती हलकी आहेत, म्हणून ती भरकन फिरतात आणि तितक्याच भरकन मंदावतात. इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली दाबायला वैमानिकाला साधारण एक-दीड सेकंद मिळतो. पाती मंदावली की भोंगा वाजतो. आता हेलिकॉप्टर खाली बसू लागतं, आणि माणसाचा हात सहज प्रवृत्तीनं दांडा वर ओढतो. घात इथेच होतो. वर ओढल्यानं पात्यांना हवेचा विरोध वाढतो, ती आणखी मंदावतात आणि एका मर्यादेखाली गेली की उचलच धरत नाहीत. मग ऑटोरोटेशनही शक्य राहत नाही. जिवाच्या आकांतानं हात वर जात असताना तो खाली दाबायचा, हे शिकवणीतून हाडीमाशी मुरावं लागतं.

पुढे ढकलू नका!

याहून वेगळा आणि जास्त भयानक प्रकार म्हणजे ‘मास्ट बंपिंग’. आर-२२ आणि आर-४४ला दोनच पाती असतात. ती मधोमध बिजागरीवर तोललेली असतात आणि हेलिकॉप्टरचं धड त्यांच्याखाली लोंबकळत असतं. समजा, वैमानिकानं चढ घेतला आणि उजव्या हातातली काठी एकदम पुढे ढकलली. पोटात गोळा येतो, क्षणभर सगळं हलकं होतं. पात्यांवरचा भार गेला, म्हणजे धडावरचा त्यांचा ताबाही गेला. शेपटीच्या पंख्याचा रेटा मात्र चालूच असतो, तो धडाला उजवीकडे कलंडवतो. वैमानिक साहजिकच काठी डावीकडे नेतो. पाती डावीकडे झुकतात, धड उजवीकडेच जात राहतं आणि पात्यांचा मधला भाग ज्या उभ्या दांड्यावर, म्हणजे मास्टवर, बसवलेला असतो त्याच्यावरच आदळतो. मास्ट तुटतो किंवा पातं केबिनमध्ये घुसतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. यातून वाचायला काठी आधी हळुवार मागे घ्यायची, पात्यांवर भार येऊ द्यायचा आणि मगच कलंडणं सावरायचं.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकानं, एफएएनं, १९९५मध्ये फक्त या दोन मॉडेलांसाठी वेगळा नियम केला. वैमानिकाला या धोक्यांचं खास प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती उडवता येणार नाहीत. त्यानंतर तिथे असे अपघात घटले. न्यूझीलंडच्या डोंगरी वाऱ्यात मात्र ते होत राहिले. तिथल्या अपघात तपास आयोगानं हा प्रश्न आपल्या खास चिंतेच्या यादीत टाकला, आणि २०१६मध्ये तिथल्या निसर्गसंवर्धन खात्यानं आपल्या कामासाठी रॉबिन्सन वापरणं थांबवलं. अलीकडे कंपनीनं आर-४४ची शेपटीकडची आडवी पट्टी बदलून कलंडणं कमी केलंय. ही सुधारणा फार आधी यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीस अंशांत बर्फ

कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीतून जाताना हवा वीसेक अंशांनी सहज गार होते. त्यामुळे बाहेर २५-३० अंश असताना, दमट हवेत, आत बर्फ धरू शकतो. पावसाळी मुंबईची हवा अगदी अशीच असते! गंमत म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप राखणारा गव्हर्नर ही भानगड लपवतो. बर्फानं इंजिन दमलं की तो थ्रॉटल थोडा जास्त उघडतो आणि काटा जागचा हलत नाही. वैमानिकाला कळतं तेव्हा उघडायला थ्रॉटल उरलेला नसतो. म्हणून दमट हवेत कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ वेळीच ओढायची.

तार दिसत नाही, खांब दिसतो

८ मे २०२५ला गंगोत्रीकडे निघालेलं बेल-४०७ उत्तरकाशी जिल्ह्यात पडलं. सहा जण गेले. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबीच्या प्राथमिक अहवालानुसार रस्त्यावर उतरण्याच्या प्रयत्नात त्याचं पातं वरून गेलेल्या फायबर केबलला लागलं. आपल्याकडे निलंगा कुणी विसरलेलं नाही. २५ मे २०१७ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून खाली आलं. सुदैवानं सगळे बचावले. तार डोळ्याला हवेतून दिसतच नाही, म्हणून अनुभवी वैमानिक तार शोधत बसत नाहीत. ते खांब शोधतात आणि ओलांडायचं झालं तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडतात, कारण तार त्याच्याहून उंच असू शकत नाही.

लातुरात महाबळेश्वर

समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरचं मराठवाड्यातलं एखादं मैदान घ्या. मे महिना, दुपार, तापमान ४० अंश. गरम हवा विरळ असते. हिशेब केला तर त्या मैदानावरच्या पात्यांना साडेपाच हजार फुटांवरची हवा मिळते, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही हजारएक फूट उंचावरची. इंजिनाची ताकद घटलेली, पात्यांची उचल घटलेली, आणि सभा संपल्यावर ‘साहेबांबरोबर आणखी एक जण’ बसायला तयार! सकाळी आरामात उचललेलं वजन दुपारी उचलेलच असं नाही. निवडणुकीच्या हंगामात हेलिकॉप्टरची भाडी बघणाऱ्या प्रत्येकानं हे पाठ करायला हवं.

१७८ सेकंद

१९५४मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवरून उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० विद्यार्थी वैमानिकांना विमानात बसवून बाहेरचं दिसेनासं केलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत! तेही विमान होतं, जे हात सोडला तरी थोडा वेळ सरळ जातं. छोटं हेलिकॉप्टर तेवढीही सवलत देत नाही.

ढगात आतल्या कानाला दिशा कळत नाही, मग अनुभव कितीही असो. २६ जानेवारी २०२०ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जणांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर कॅलिफोर्नियात टेकडीवर आदळलं. वैमानिक नियंत्रकाला सांगत होता की आपण वर चढतोय. त्या वेळी ते खाली येत होतं. पुण्यात बावधनला २ ऑक्टोबर २०२४च्या सकाळी दाट धुक्यात अगुस्टा-१०९ उड्डाणानंतर काही मिनिटांत पडलं, तिघे गेले. १५ जून २०२५ला केदारनाथहून परतणारं बेल-४०७ गौरीकुंडजवळ ढगाळ हवेत कोसळलं. सातही जण गेले, त्यांत महाराष्ट्रातले भाविक होते.

अमेरिकेतल्या जीवघेण्या हेलिकॉप्टर अपघातांची वर्गवारी केली तर ताबा सुटणं, नकळत ढगात शिरणं आणि फार खालून उडणं या तीनच कारणांत जवळपास निम्मे अपघात बसतात. यंत्र दगा देतं, पण त्याहून कितीतरी जास्त वेळा निर्णय चुकतो.

आणखी थोडं झटपट

जमिनीवरही हेलिकॉप्टर उलटतं! एक पाय चिखलात रुतला किंवा दोरी सोडायची राहिली आणि वैमानिकानं उचललं, की ते रुतलेल्या पायाभोवती फिरतं. पंधरा अंशांच्या आसपास कललं की सावरत नाही. उपाय पुन्हा तोच, कलेक्टिव्ह खाली.

सावकाश पुढे जाताना वेगानं खाली आलं तर हेलिकॉप्टर स्वतःच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. त्यातून बाजूला सटकून निघण्याची युक्ती स्विस वैमानिक क्लोद व्हुइशार यांच्या नावानं ओळखली जाते.

आर-४४च्या जुन्या ॲल्युमिनियमच्या टाक्या किरकोळ आपटण्यातही फुटून पेट घेत. वाचण्यासारखे अपघात त्यामुळे जीवघेणे ठरले. कंपनीनं २०१०च्या अखेरीस रबरी पिशवीच्या टाक्या बसवायला सांगितलं, पण अनेक मालकांनी चालढकल केली. ऑस्ट्रेलियात २०१३मध्ये आणखी माणसं जळून मेल्यावर तिथल्या नियामकानं सक्ती केली.

‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं २००६ ते २०१६चे आकडे तपासून २०१८मध्ये लिहिलं की जीवघेण्या अपघातांचा आर-४४चा दर लाख उड्डाणतासांना सुमारे १.६ आहे, म्हणजे इतर कुठल्याही प्रचलित नागरी मॉडेलपेक्षा दीडपट. उड्डाणतास कमी धरल्यानं दर फुगलाय, असं कंपनीचं म्हणणं होतं. दोन्ही बाजू लक्षात घेतल्या तरी मुंबईत आरे कॉलनीत डिसेंबर २०१६मध्ये हौसेच्या फेरीला निघून कोसळलेलं हेलिकॉप्टरही आर-४४च होतं, हे विसरता येत नाही.

तुम्ही बसणार असाल तर

हेलिकॉप्टर कुठल्याही मोकळ्या शेतात उतरू शकतं. ही सोय विमानाला नाही, आणि वाईट हवेत ती न वापरल्यामुळे माणसं मेली आहेत. ती वापरायला वैमानिकाला मोकळीक द्या. वजन विचारलं तर बॅगेसकट खरं सांगा. जवळ जायचं ते पुढून किंवा बाजूनं, वैमानिकाची नजर आपल्यावर असताना. शेपटीचा फिरता पंखा दिसत नाही. एप्रिल २०२३मध्ये केदारनाथला एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव त्यानंच घेतला. टोपी, ओढणी, प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरा. आणि हवा बघून वैमानिक ‘आज नाही’ म्हणाला, तर पैसे भरलेत, मुहूर्त चुकतोय, सभा खोळंबलीय असलं काही त्याला ऐकवू नका.