फेब्रुवारीचे तीनशे

सकाळी ७.४०
तासगावच्या स्टँडवर सांगलीची एसटी धरतो. आज पगाराचा दिवस. डबा देताना आई म्हणाली, "आज उशीर हुईल न्हवं?" माझा महिनाअखेर तिला पाठ आहे.

९.१५
कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ उरकून व्यवसाय कराच्या, म्हणजे पीटीच्या, रकान्याशी येतो. एरवी दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे २,५०० रुपये. राज्यघटनेच्या कलम २७६ ने घातलेली ही कमाल मर्यादा १९८८ साली २५० वरून वाढवली, तेव्हापासून तिथेच आहे.

झाडलोटीच्या मावशींपुढे शून्य. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून हा कर माफ आहे. खाली शॉपवरचा हेल्पर: पगार १६,०००, कपात ३००. सगळ्यात वर डायरेक्टरसाहेब: पगार चार लाख, कपात ३००. वर्षाचा हिशेब केला तर हेल्परच्या दर शंभर रुपयांतले एक रुपया तीस पैसे जातात, साहेबांचे जेमतेम पाच पैसे. साहेब आयकर भरतात, तो चढत्या दराने भरतात, हे मला माहीत आहे. तरी या रकान्यावरून नजर पुढे सरकत नाही.

११.३०
डिझाइनमधला तरुण इंजिनिअर टेबलाशी येतो. "काका, पीटी तीनशे का कापली?" कारण सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कमवायचं मी आणि खायचं फुकट्यांनी?"

हातातलं काम बाजूला ठेवलं. हा कर १९७५ साली आला तो मुख्यतः रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. योजनेमागे वि. स. पागे होते, आणि तिचा पहिला प्रयोग झाला आमच्याच तालुक्यात, विसापूरला. पुढे १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. गावात मागेल त्याला काम, हा त्या कायद्याने हक्क ठरला. शहरातल्या नोकरदारांकडून जेवढा कर जमेल, तेवढीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, अशी त्यात तजवीज होती. त्या पैशावर बायाबापड्यांनी पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले, खडी फोडली. यात फुकटे कोण?

"मदत मीही करतो, पण स्वखुशीने. जबरदस्ती कशाला?" त्याचा हा प्रश्न खरा होता. मी म्हटलं, दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. यंदा दिलं, पुढच्या वर्षी हात आखडला. दुष्काळात माणूस काम मागायला येतो तेव्हा त्याला मर्जी सांभाळायला लावायची का? काम त्याचा हक्क असेल, तर पैसा ठरलेल्या तारखेला जमायलाच हवा. म्हणून कर.

"आणि खोटी मस्टरं?" तीही झाली, राज्यभर तक्रारी झाल्या. ज्यांनी मस्टरवर खोटी नावं चढवली त्यांनी करदात्याचे पैसे खाल्लेच, शिवाय उन्हात राबणाऱ्याची लाजही घालवली. मला त्यांचा जास्त राग आहे. तो "बघू" म्हणून गेला. पटलं असं नाही, पण ऐकून घेतलं.

२.००
जेवण. भाकरी, झुणका.

४.३०
पगार बँकेत गेले. पीटीचं चलन भरलं, पावती फाइलला लावली.

रात्री ८.१५
घर. खासदारांना पत्र लिहायला घेतलं आहे: मर्यादा काढा, हा कर मिळकतीप्रमाणे चढता ठेवा, हेल्परला वगळा. आईने कसला कागद म्हणून विचारलं. तिने बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली, पुढे रोजगार हमीवरही गेली. सकाळचं सगळं तिला सांगितलं.

"सायबाचं आन त्या हेल्पर पोराचं सारखंच कापत्यात?"

"सारखंच."

ती हाताच्या घट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. "आमच्या खडीचा ढीग टेप लावून मोजायचे. बोटभर कमी भरला तर पैसं कमी. मग सायबाचं माप का घेत न्हाईत?"

दुसऱ्या परिच्छेदात जागा होती. ते वाक्य तिच्याच शब्दांत तिथे घातलं.