वाऱ्याची शिडी आणि पाण्याची वाट

भारताच्या नकाशावर पारशिवनी शोधा. अरबी समुद्र असो की बंगालचा उपसागर, दोन्ही येथून सहाशे-सातशे किलोमीटर दूर आहेत. त्यामुळे चक्रीवादळाचा धडा येथील विद्यार्थ्यांना परमुलखातील गोष्ट वाटली, तर नवल नाही. पण २०२० या एकाच वर्षातील दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर हा धडा थेट पेंच नदीच्या काठापर्यंत येतो.

पहिली घटना 'निसर्ग' चक्रीवादळाची. १ जून २०२० रोजी अरबी समुद्राच्या पूर्व-मध्य भागात डिप्रेशन तयार झाले. २ जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले. प्रथम उत्तरेकडे सरकणारे हे वादळ नंतर ईशान्येकडे वळले आणि ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत १३० पर्यंत जात होते. श्रीवर्धन, मुरुड या भागांत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट उन्मळल्या. पोफळीला फळ धरायला काही वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारी झालेले नुकसान बागायतदाराला वर्षानुवर्षे पुरते.

हे वादळ पुढे कोठे गेले? त्याच संध्याकाळी ते उत्तर मध्य महाराष्ट्रावर होते. मध्यरात्रीपर्यंत त्याचा जोर बराच ओसरला आणि ४ जूनच्या पहाटे ते पश्चिम विदर्भावर पोहोचले, तेव्हा ते पुन्हा साधे डिप्रेशन झालेले होते. एका दिवसात एवढा जोर कसा गेला?

चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे इंजिन आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सियसच्या वर असले, की भरपूर पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता त्या वाफेत साठते. वाफ वर जाऊन थंड झाली, की तिचे ढग होतात आणि ही सुप्त उष्णता हवेत मोकळी होते. हवा अधिक तापते, वर चढते, खाली दाब आणखी कमी होतो आणि भोवतालची हवा आत धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ आत न जाता, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. अटलांटिक महासागरात यालाच हरिकेन म्हणतात.

वादळ जमिनीवर आले, की समुद्राच्या वाफेचे इंधन तुटते. शिवाय डोंगर, झाडे, घरे यांचे घर्षण वाऱ्याला अडवते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून वेग १२० वरून ६० वर आला, तर छपरावर येणारा दाब निम्मा नव्हे, एक-चतुर्थांश होतो. वाऱ्यापुरते बोलायचे, तर विदर्भाला सह्याद्रीचे आणि अंतराचे संरक्षण आहे.

पण पाण्याचे काय? येथे दुसरी घटना पाहावी लागते. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बंगालच्या उपसागराच्या वायव्य भागात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. ते ओडिशा, छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे सरकले. त्याला नाव नव्हते, कारण ते चक्रीवादळ नव्हतेच. तरीही छिंदवाडा, शिवनी या भागांत अतिवृष्टी झाली. पेंच नदी तेथूनच दक्षिणेकडे येते. पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी धरण आणि त्याच्या वरचे तोतलाडोह धरण यांचे दरवाजे उघडावे लागले. पेंचचे पाणी कन्हानला आणि कन्हानचे आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. पारशिवनी, कामठी, मौदा येथील नदीकाठची गावे व शेते पाण्यात गेली. वैनगंगेच्या पुराने भंडारा शहर वेढले गेले आणि ते पाणी पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत पसरले.

वारा नाही, नाव नाही, तरी एवढा पूर का? पावसाळ्यात जमीन आधीच भिजलेली असते आणि मोसमी वारे दोन्ही समुद्रांवरून बाष्प आणीतच असतात. त्यामुळे कमी दाबाचे क्षेत्र जमिनीवर आले, तरी त्याचा पाणीपुरवठा तुटत नाही. उपसागरातून वायव्येकडे जाणाऱ्या अशा क्षेत्राचा सर्वांत जोराचा पाऊस बहुधा त्याच्या नैर्ऋत्य बाजूस पडतो. केंद्र छत्तीसगड किंवा पूर्व मध्य प्रदेशावर असताना ही बाजू नेमकी छिंदवाडा-नागपूरच्या माथ्यावर येऊ शकते.

आता हवामान खात्याची वर्गवारी पाहा. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर कमी दाबाचे क्षेत्र, ३१ ते ४९ असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर तीव्र डिप्रेशन. ६२ पासून पुढे चक्रीवादळ, आणि त्यालाच नाव मिळते. ही शिडी वाऱ्याची आहे, पावसाची नाही. शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरचे क्षेत्रही नदीला पूर आणू शकते. म्हणून 'चक्रीवादळ नाही' एवढे ऐकून नदीकाठच्या गावाने निर्धास्त होऊ नये. वरच्या खोऱ्यात किती पाऊस झाला आणि धरणातून किती पाणी सोडणार, हेच तेथे विचारायला हवे. पुराचे पाणी किती निर्दय असते, हे नागपूर जिल्ह्याने ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातील मोवाड येथे पाहिले. वर्धा नदीच्या पुरात तेथे २०४ माणसे दगावली.

वर्गात करून पाहण्यासारख्या दोन गोष्टी. सरळ कडांचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाण्याची उंची मोजावी आणि नोंदवहीत लिहावी. मग मुलांना हिशेब घालावा : एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? उत्तर दहा कोटी लिटर येते. त्यानंतर नकाशावर पेंचचे खोरे रंगवून त्याचे क्षेत्रफळ चौकटी मोजून काढावे आणि तोच गुणाकार पुन्हा करावा. धरणाचे दरवाजे का उघडावे लागतात, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.