बुडलंस तर किती बुडतलंस?

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. माझे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत. रेकॉर्डिंग रेडीला घरी केलं, त्यामुळे ऑडिओत मध्येच कोंबडा आरवतो. तो काही काढता आला नाही.)

मागच्या महिन्यात एका मित्राची व्हॉइस नोट आली. सात मिनिटांची! तो पुण्यात आयटीत, मीही आयटीत. आमची एक जुनी कल्पना आहे : मालवणीतून कानाने ऐकायची नाटकं करायची. मोबाइलवर, अर्ध्या तासाचा एक भाग. नोटचा सारांश असा, की मी राजीनामा टाकतोय, तूही टाक. रिस्क घेतल्याशिवाय काही होत नसतं.

मी तेव्हा गावी होतो. संध्याकाळी वेळेवर गेलो. वेळ म्हणजे आमच्याकडे समुद्रकिनारा, घड्याळातली नव्हे. तिथे शेजारचे काका भेटले. उभं आयुष्य रापणीत गेलेला माणूस. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता 'नोकरी सोडू नको' असं लेक्चर मिळणार. ते एवढंच म्हणाले, "सोड मगे. पण बुडलंस तर किती बुडतलंस, ता आधी सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाललं तर किती सबस्क्रायबर होतील, याची एक्सेल शीट मात्र तयार होती, तीन टॅबची.

आजचा एपिसोड त्या प्रश्नावर आहे. धंदा करणारी आणि कलेत असणारी माणसं रिस्कचा विचार नेमका कसा करतात? आपल्याला बाहेरून दिसते ती उडी. आतला हिशोब कसा असतो?

उदाहरणासाठी मला लांब जायची गरज नाही. मच्छिंद्र कांबळी आमच्या रेडीचे. १९४७ चा जन्म, २००७ मध्ये गेले. 'वस्त्रहरण'मधले तात्या सरपंच. तुमच्यापैकी अनेकांनी ते यूट्यूबवर पाहिलं असेल, आईबाबांनी बहुतेक थिएटरात. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आलं १६ फेब्रुवारी १९८० ला. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडतं, एवढीच गोष्ट. पण पूर्ण मालवणीत.

यातली रिस्क आज लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबतो. तोवर मुंबईच्या नाटकात मालवणी बोली ऐकू यायची ती बहुतेक रामागड्याच्या तोंडी. मालक प्रमाण मराठी बोलणार, गडी मालवणी बोलणार आणि लोक गड्याला हसणार. त्या बोलीत तीन तास नाटक करायचं आणि त्याला तिकीट लावायचं! कोकणाबाहेरच्या माणसाला अर्धे शब्द कळणार नाहीत. आणि कोकणातला माणूस म्हणेल, घरी फुकट ऐकतो ते तिकीट काढून कशाला ऐकू?

अशा ठिकाणी शक्यता किती टक्के, हे कोणी सांगू शकेल का? नाहीच. फ्रँक नाईट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच हा फरक मांडला होता. फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता माहीत असते, तो धोका. पण जी गोष्ट आधी झालेलीच नाही, तिला टक्केवारीच नसते, ती अनिश्चितता. विमा कंपनी पहिल्या प्रकारावर जगते. नवा धंदा आणि नवं नाटक दुसऱ्या प्रकारात येतं. म्हणजे माझी तीन टॅबची शीट मुळातच चुकीच्या प्रश्नाचं उत्तर काढत होती.

मग अनुभवी लोक काय करतात? सरस सरस्वती या संशोधक बाईंनी हे शोधायचा प्रयत्न केला. त्यांनी मोठ्या कंपन्या उभारलेल्या २७ उद्योजकांना एकाच काल्पनिक धंद्याचे प्रश्न दिले आणि सांगितलं, विचार करताना मोठ्याने बोलत राहा. २००१ मध्ये त्यावरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. एमबीएच्या पुस्तकात असतं तसं, आधी बाजाराचा अंदाज, मग अपेक्षित नफा, मग गुंतवणूक, या क्रमाने ही माणसं फारशी जातच नव्हती. ती उलटीकडून सुरू करत : माझ्या हातात आत्ता काय आहे, कोण ओळखीचं आहे, आणि यात किती गेलं तरी मला चालेल? याला त्या 'परवडणारं नुकसान' म्हणतात. काकांनी हा पेपर वाचलेला नाही, हे मी खात्रीने सांगतो.

तुम्ही म्हणाल, ही तर 'अंथरूण पाहून पाय पसरावे'चीच नवी आवृत्ती. मलाही आधी तेच वाटलं. पण आपल्याकडे ती म्हण ऐकवली जाते ती पाय आखडून घेण्यासाठी. इथे अंथरूण मोजायचं ते पाय पूर्ण ताणता यावेत म्हणून. एकदा आकडा ठरला, की तेवढे पैसे गेलेच असं धरून काम करायचं. मग रोज रात्री घाबरायचं कारण उरत नाही.

नाटकाच्या धंद्यात हे फार छान दिसतं. एका प्रयोगाचा खर्च म्हणजे थिएटरचं भाडं, कलाकारांची नाईट, पेपरातली जाहिरात, सेटचा टेम्पो, चहापाणी. प्लॅनवर किती खुर्च्या भरल्या ते संध्याकाळपर्यंत कळतं. तोटा झाला तर तो त्या प्रयोगापुरता. पुढचा प्रयोग लावायचा की नाही, हे पुन्हा ठरवता येतं. मधल्या दिवसांत नाटक बदलताही येतं : हशा न आलेलं वाक्य काढा, आलेलं वाढवा. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'छोटी रिलीज, लगेच फीडबॅक' म्हणून जे मिरवतो ते नाटकवाले कधीपासून करतायत. आणि दशावतार डोळ्यांसमोर ठेवून वाढलेल्या माणसाला तर यात काहीच नवीन नाही. दशावतारात लिहिलेली संहिताच नसते. समोरची जत्रा कशी आहे ते बघून राजा आपलं भाषण लांबवतो किंवा आटोपतो.

'वस्त्रहरण'ची सुरुवात थंडच होती. प्रेक्षक कमी, तोटा होतोय, बंद करायची भाषा सुरू झालेली. मग पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहिलं, त्यांना ते बेहद्द आवडलं, त्यांनी तसं पत्र लिहिलं आणि चित्र पालटलं. पुढे ५,००० हून जास्त प्रयोग झाले, नाटक लंडनपर्यंत गेलं. ही गोष्ट नेहमी नशिबाची म्हणून सांगितली जाते. नशीब होतंच, नाकारत नाही. पण पु. ल. थिएटरात आले त्या दिवशी नाटक चालू होतं, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळा पैसा पहिल्या पाच प्रयोगांत फुंकून टाकला असता तर पत्र लिहायला नाटकच उरलं नसतं.

१९८२ मध्ये कांबळींनी स्वतःची 'भद्रकाली प्रॉडक्शन' काढली आणि 'चाकरमानी' आणलं. आता हे वर्ष बघा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार. मालवणी नाटकाचा हक्काचा प्रेक्षक कोण? लालबाग-परळचा गिरणीतला चाकरमानी. त्याचाच पगार बंद. अशी गोष्ट कुठल्या शीटमध्ये बसवणार? तरी भद्रकाली टिकली, पुढे मालवणी नाटकं येत राहिली : 'पांडगो इलो रे बा इलो', 'येवा, कोकण आपलोच आसा'. एका नाटकावर सगळं न टेकवणं हाही रिस्कचाच हिशोब.

आणि इथे आमच्या भागातली उलटी बाजू सांगायलाच हवी. रेडीत लोहखनिजाच्या खाणी आहेत, आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा. ज्या काळात नाटक कंपनी काढणं हा वेडेपणा होता, त्या काळापासून खाणीच्या कामाला ट्रक लावणं हा शहाणपणा समजला जायचा. खाण आहे, माल आहे, बँक कर्ज देते, सगळेच घेतायत. २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं आणि तिथे हजारो ट्रक उभे राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत. २०१८ मध्ये पुन्हा तेच. कर्जाचा ट्रक, एकच गिऱ्हाईक आणि निर्णय कोर्टात. 'सेफ' म्हणतात त्यात किती बुडेल हे कोणी विचारतच नाही, कारण शेजाऱ्याच्या दारातही तोच ट्रक उभा असतो.

माझ्या मित्राचा मुद्दा पूर्ण वेळ देण्याचा होता. नोकरी ठेवून धंदा करणारा सीरियस नसतो, असं तो म्हणतो. यावर रॅफी आणि फेंग या दोघांचा २०१४ चा अमेरिकेतला अभ्यास आहे. नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग हळूहळू त्यात उतरलेले लोक आणि थेट राजीनामा देऊन उतरलेले लोक, यांची तुलना. पहिल्या गटात धंदा बंद पडण्याची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी निघाली. मी ही लिंक त्याला पाठवली. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ तुम्हाला माहीतच आहे.

आता या सगळ्या शहाणपणाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो लपवून एपिसोड करणं मला बरोबर वाटत नाही. दादासाहेब फाळके. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर मात्र त्यांनीही छोटाच प्रयोग केला : रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित करून 'अंकुराची वाढ' हा लघुपट बनवला आणि पैसे देणाऱ्यांना दाखवला. इथवर काकाही खूश झाले असते. पण 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनला सिनेमा लागला, चालला, आणि आपण दादासाहेबांच्या धाडसाचे धडे वाचतो.

सरस्वतीबाईंनी काय केलं? सगळ्या युनिटचा स्वयंपाक. रात्री फिल्मला भोकं पाडणं. आणि दागिने. फाळक्यांचे शेवटचे दिवस नाशकात हलाखीत गेले, १९४४ मध्ये ते गेले. म्हणजे 'किती बुडेल' या प्रश्नाला एक जुळा प्रश्न असतो : कोणाचं बुडेल? आपल्याकडे धाडसाच्या गोष्टीत तो फार क्वचित विचारला जातो. आणि ज्यांचे दागिने गेले पण सिनेमा चाललाच नाही, त्यांच्या गोष्टी तर आपल्यापर्यंत येतही नाहीत. उरलेल्यांना बघून आपण नियम बनवतो.

रापणीत याची सोय आहे. होडीतून जाळं अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन रांगा मिळून ओढतात. मासळी मिळाली की वाटे पडतात, जाळं आणि होडीचाही वाटा असतो. काहीच नाही मिळालं तर प्रत्येकाची एक सकाळ गेली. कोणा एकाचं घर जात नाही. पर्ससीन आल्यापासून रापणीला पूर्वीसारखी मासळी उरली नाही, हे काका सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. तो वेगळा एपिसोड आहे, करणार आहे.

तर आमचं काय ठरलं. मित्र रविवारी रेडीला आला, आणि आम्ही नवी शीट केली, एकाच टॅबची. सहा भाग. माइक, एडिटिंग, कलाकार, सगळं धरून नव्वद हजार रुपये, दोघांत निम्मे. हे गेले असंच धरायचं. राजीनामा नाही, निदान सहा भाग होईपर्यंत. बायकोला त्याने हा आकडा सांगितला नव्हता, तो तिथेच बसून फोनवर सांगायला लावला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तिने विचारलं, सातव्या भागाचे पैसे कुठून येणार? आमच्या शीटमध्ये सातवा भाग नव्हता. आता एक ओळ वाढवली आहे, रकाना रिकामा आहे.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. मित्राचं म्हणणं, कलाकारांना आधी पैसे नकोत, नफ्यात वाटा देऊ, रापणीसारखा. ऐकायला छान. पण आमच्याबरोबर काम करणारा दशावतारी कलाकार जत्रांच्या हंगामावर वर्ष काढतो. त्याची संध्याकाळ ही त्याची मजुरी आहे, आमची हौस आहे. रापणीत सगळे सारखे भिजतात, इथे तसं नाही. शेवटी ठरलं, प्रत्येक रेकॉर्डिंगला नाईट रोख, त्याच दिवशी. आणि भाग चालले तर वाटा त्याच्या वर.

शनिवारी पहिलं रेकॉर्डिंग आहे, आमच्या मागच्या खोलीत. पंखा बंद ठेवावा लागणार. कोंबड्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.